पट्ट्याचं दुसरं टोक

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरून चाल. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत आणि माझी तक्रार तीच आहे. मला खुर्चीत बसून राहायची शिक्षा झाली आहे. उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलाय, बोटं तेवढी मोकळी आहेत, म्हणून अक्षर असं जिना उतरल्यासारखं खाली खाली चाललंय. हाताला काय झालं ते पुढे येईल. फोन केला असता, पण फोनवर मी काय बोलतो ते तुला पाठ आहे. बरं चाललंय, तुझा गुडघा काय म्हणतो, जेवलास का, ठेवू का. शिवाय तुझी पुतणी सध्या इथेच राहायला आली आहे आणि कानांच्या बाबतीत ती आईवर गेली आहे. पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा तिला ऐकू येते. कागदाला कान नाहीत, म्हणून कागद घेतला.

आधी खरं काय ते सांगतो. तुझी वहिनी चालायला लागली असं मी तुला सांगत आलो, ते खोटं आहे. गेल्या वर्षी ती पडली तेव्हा तू आला होतास, इस्पितळाच्या खाटेवरून ती आपल्या दोघांना हुकूम सोडत होती ते तू बघितलंस. हाड जुळलं. पण पायांत जोर आला नाही. डोकं लख्ख, जीभ तर त्याहून लख्ख, फक्त पाय तिचे राहिलेले नाहीत. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जाते, बाकीचा दिवस आमचा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत खुर्चीत. मुलीने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषा केंद्र बघून ठेवलं होतं. स्वच्छ आहे, बाग आहे, रात्रंदिवस नर्स आहेत. मुलीचं चुकत नव्हतं. पण तुझी वहिनी एकच वाक्य बोलली. म्हणाली, लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात माझा जन्म गेला, आता मला हलवू नका. ते ऐकल्यावर मी मुलीला सांगून टाकलं की जोपर्यंत मी हिला उचलू शकतो तोपर्यंत ही घरात. बोलून बसलो. आणि बोललं ते निभवायचं म्हणून या वयात व्यायामाला जायला लागलो.

हसू नकोस. इस्पितळाच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या पुरुषांसाठी खोली आहे. एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीला लाकडी कठडा, मधे खुर्च्या मांडलेल्या. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची, काडीसारखी, आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, काका, हात छातीवर घ्या आणि कशालाही न धरता उठा. मग बसा. मग उठा. मी म्हणालो, बाई गं, मी तिसऱ्या मजल्यावर पियानो चढवलेत. ती म्हणाली, पियानो सध्या नाहीये काका, खुर्ची आहे. मला असा राग आला की तिथून उठून घरी यावं. पण तेवढ्यात मांड्या लटलटायला लागल्या होत्या, त्यामुळे रागाने ताडकन उठून जाण्याची सोय राहिली नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर एक शिंपी असतो. निवृत्त झालाय, आयुष्यभर मशीनवर वाकून बसलेला, पाठीला बाक आलेला. त्याच्याकडे बघून मला पहिल्या दिवशी उगाच बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. हा माणूस व्यायाम झाला की घरी जातो, दूध पितो, अंडी खातो आणि झोपतो. अगदी मनापासून झोपतो. दुसऱ्या दिवशी काही करत नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही. पुढच्या वेळी येऊन माझ्यापेक्षा जड डंबेल उचलतो. मास्तरीण आम्हा सगळ्यांना त्याचं उदाहरण देते, आणि तो नुकतंच लग्न ठरल्यासारखा लाजतो.

मास्तरणीचं म्हणणं असं की ताकद व्यायाम करताना येतच नाही. व्यायामात स्नायू दमतो, आतल्या आत बारीक बारीक फाटतो. मग आपण गप्प पडून असतो तेव्हा तो स्वतःला दुरुस्त करतो आणि आधीपेक्षा थोडा पक्का होतो. तरुणांचं हे काम एका झोपेत उरकतं. आपल्या वयाला त्याहून बराच वेळ लागतो, एक दिवस व्यायाम आणि मग एक-दोन दिवस नुसतं राहायचं. त्याआधी पुन्हा भार टाकला तर दुरुस्ती अर्धवट राहते. अर्धवटावर अर्धवट साचत गेलं की एक दिवस सगळंच खाली येतं. मला पटलं. ओल्या गिलाव्याला कपाट टेकवू नका असं आपणच नाही का गिऱ्हाइकांना सांगायचो.

पण पटणं वेगळं आणि बसणं वेगळं. मी बसलो की मला वाटतं खाली ट्रक उभा आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आत्ताच बघ, एवढं लिहून उठलो, स्वयंपाकघरात जाऊन नळ घट्ट करून आलो, आणि तो गळतसुद्धा नव्हता. मुलीने दारातून नुसतं माझ्याकडे बघितलं. परत येऊन बसलोय. सुट्टीच्या दिवशी मी जिना चढून उतरून यायचो. कुणी भेटलं की वरच्यांकडे काम आहे म्हणायचो, आणि वरचे भेटले की चुकून एक मजला जास्त आलो म्हणायचो. एकदा वरच्या बाईंनी मला हाताला धरून माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. त्यांना वाटलं मला घर सापडत नाहीये. तुझ्या वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

जिना हे निमित्त होतं. खरं ओझं घरात होतं. (ओझं म्हटलं हे तिला सांगू नकोस.) मास्तरणीची सुट्टी असली तरी तुझ्या वहिनीला सुट्टी कुठली? तिला उशीला टेकवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, तिचे हात माझ्या मानेभोवती, माझे तिच्या पाठीमागे, गुडघ्याला गुडघा लावायचा आणि उचलायचं. ती दर वेळी म्हणायची, जपून हो, ही बाजू वर. आठवतं ना, काचेचं सामान भरलेल्या खोक्यांवर ती जाड पेनने लिहायची ते. उभी राहिली की क्षणभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची. लोक समजतील की दोघं म्हातारे नाचतायत. मला ते आवडायचं, खरंच सांगतो. तिला उचलायचा मला कधी कंटाळा आला नाही. फक्त हात ऐकेनासे झाले.

व्यायामाच्या खोलीत एक यंत्र आहे, मुठीत धरून दाबायचं, काटा फिरतो. शिंप्याचा काटा दर वेळी थोडा पुढे जायचा आणि माझा मागे. मास्तरीण बुचकळ्यात पडली. म्हणाली, काका, खाता ना नीट? खातो. झोपता ना? झोपतो. मग मधल्या दिवशी करता काय तुम्ही? मी म्हणालो, पेपर वाचतो. तिने माझ्या हातांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहीत काट्याचा आकडा लिहून घेतला. खरं सांगितलं असतं तर तिने मुलीला फोन केला असता, आणि मुलीने केंद्राला. म्हणून मी पेपर वाचत राहिलो.

त्या दिवसांत मला आपला धंदा फार आठवायचा. दोन भाऊ, एक ट्रक, आणि भांडी गुंडाळायला तुझी वहिनी. एवढ्यावर आपण अख्ख्या गावाची घरं इकडची तिकडे केली. जिन्यात मी खालून, तू वरून उलट्या पावलांनी. मला समोर फक्त सामानाचा तळ दिसायचा, तुला सामानावरून माझं डोकं दिसायचं. बोलायचे शब्द तीनच. उचल, वळ, टेकव. पहिल्याच वर्षी त्या लोखंडी पलंगाखाली तुझी करंगळी चेंगरली तेव्हा आपण नियम केला की कुणीही टेकव म्हटलं की दुसऱ्याने तिथल्या तिथे टेकवायचं. का, ते विचारायचं नाही. आणि दोघांचाही दम परत येईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. नियम दोघांसाठी होता, पण तो वापरायचास फक्त तू. प्रत्येक जिन्यात, कधी दुसऱ्या वळणावर, कधी अगदी दाराच्या तोंडाशी येऊन, तुझं आपलं टेकव. मी तुला टेकव्या म्हणायला लागलो. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, तुझ्या लग्नातसुद्धा म्हणालो. तू हसायचास. आणि मी उभ्या जन्मात एकदाही टेकव म्हटलं नाही, याचा मला केवढा ताठा होता ते तुला माहीत आहे.

आता मंगळवारचं सांगतो. आदल्या दिवशी तिला खुर्चीत ठेवताना माझे दंड थरथरले होते, आणि ते तिलाही कळलं होतं. रात्रभर माझ्या डोक्यात एकच, काहीतरी युक्ती केली पाहिजे. सकाळी सुचली. आपला खांद्यांचा पट्टा, दोघांच्या खांद्यांना अडकवून मधे जड सामान उचलायचा तो. धंदा बंद केला तेव्हा आपण वाटणी केली होती, एक खांदेपट्टा तुला, एक मला, आणि मधला लांब पट्टा थोरला म्हणून मला. वहिनी म्हणाली होती, झाली बाई इस्टेटीची वाटणी, आता कोर्टात जाऊ नका. तो काढला, झटकला, खांदेपट्टा चढवला. लांब पट्टा तिच्या मांड्यांखालून घेऊन पाठीमागून फिरवला, एक टोक माझ्या खांद्याला अडकवलं. राहिलं दुसरं टोक. दुसऱ्या टोकाला तू असायचास. तुझ्या जागी मी पलंगाशेजारचं कपाट घेतलं. जाडजूड लाकडी कपाट, तिच्या लुगडी-चादरींनी गच्च भरलेलं, आपण दोघांनी मिळून या खोलीत आणलेलं. त्याच्या कडीला टोक बांधलं. तुझी वहिनी म्हणाली, अहो, हे काय करताय? मी म्हणालो, तू गप्प बस, हा माझा धंदा आहे.

धाकट्या, उचलण्याआधी सामान एकदा हलवून बघायचं, हे मी तुला किती वेळा बजावलं असेल. त्या दिवशी मी कपाट हलवून बघितलं नाही. मी जोर लावला, ती पलंगावरून वर आली, अर्धी हवेत, आणि कपाट माझ्याकडे झुकायला लागलं. भरलेलं कपाट असं झुकत नाही. मी तिला सोडू शकत नव्हतो आणि कपाट धरायला हात नव्हता. कपाटाची कड पलंगाच्या दांड्यावर येऊन थांबली, म्हणून आम्ही दोघं आहोत. सगळा भार माझ्या उजव्या खांद्यावर आला आणि आत काहीतरी फाटल्याचं मला कळलं. तरी मी पकडून उभा. दात आवळले, डोळ्यांपुढे काळोख, आणि डोक्यात एवढंच की पोचवायचं, खुर्चीपर्यंत पोचवायचं. तेव्हा माझ्या कानाशी ती म्हणाली, टेकवा. ओरडली नाही. जिन्यात तू जसं म्हणायचास तसंच, साध्या आवाजात. आणि मी टेकवलं, का ते न विचारता. ती नीट पलंगावर बसली आणि मी खाली जमिनीवर.

तिथे बसल्या बसल्या मी कपाटाचं दार ओढून बघितलं. आत नुसते हँगर होते. मी विचारलं, कपडे कुठे गेले? ती म्हणाली, दारामागे बघा. दारामागे दोन खोकी, दोरीने बांधलेली, वर तिच्या अक्षरात ही बाजू वर. मी व्यायामाला जायचो तेव्हा मुलगी येऊन घड्या करून द्यायची आणि ही पलंगावर बसून खोकी भरायची. केंद्रात न्यायला. मला हलवू नका म्हणणारी बाई, तिने स्वतःच स्वतःचं सामान बांधून ठेवलं होतं आणि मला सुगावा लागू दिला नव्हता. मी चिडलो. खांदा ठणकत होता, त्याहून जास्त मी ठणकत होतो. मी म्हणालो, मी एवढं मरमर मरतोय ते कुणासाठी, आणि तू इकडे बिऱ्हाड बांधतेस? मला एकदा सांगावंसंही वाटलं नाही तुला?

ती म्हणाली, तुम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. धाकटे भावजी कधीच दमायचे नाहीत. तुमच्याहून दहा वर्षांनी लहान माणूस, पोलादासारखी छाती, ते कशाला दमतील? मी एकदा त्यांना विचारलं होतं की भावजी, तुम्ही दर जिन्यात थांबता का? ते म्हणाले, वहिनी, वरून दादाचं तोंड दिसतं. त्याचा श्वास चिरका यायला लागला की मी टेकव म्हणतो. तो स्वतः म्हणायचा नाही, म्हणून मी म्हणतो. त्याला सांगू नका, उगाच चिडेल. हे सगळं सांगून ती म्हणाली, आता भावजी इथे नाहीत. रोज उचलताना तुमचा श्वास माझ्या कानाशी असतो. मग टेकव कुणी म्हणायचं?

मी उठलो, म्हणजे दांड्याला धरून उठलो, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिला पाठ करून. तू हसायचास तेव्हा काय वाटत असेल रे तुला? अख्ख्या धंद्यात मी टेकव्या टेकव्या म्हणून तुझी टिंगल केली आणि तू ते अंगावर घेऊन माझा दम परत येईपर्यंत माझ्याबरोबर उभा राहायचास. वर कपाळ पुसायचास, खोटं खोटं धापा टाकायचास. त्या धापासुद्धा मला आता आठवतात. कसलं वाईट नाटक करायचास तू.

मुलगी धावत आली, डॉक्टर झाले, झोळी मिळाली. मास्तरीणही घरी येऊन गेली. पट्टा बघितला, कपाट बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, पेपर वाचत होता नाही का काका? मग तिने मुलीला आणि मला समोरासमोर बसवून स्पष्ट सांगितलं. खांदा भरून येईल, पण बसून. आणि नंतरसुद्धा एकट्याने उचलायचं नाही, आज नाही, कधीच नाही. घरात दोन माणसं असतील, एकमेकांना विश्रांतीचा दिवस देतील आणि उचलताना दोघं उचलतील, तर काकू खुशाल घरी राहू शकतात. तुझी पुतणी कामावरून सुट्टी काढून आली आहे, ती रविवारी संपते. ती आणि जावई रोजचे रोज येऊ शकत नाहीत, त्यांना त्यांचा संसार आहे. सोमवारी केंद्राची गाडी येणार आहे. खोकी अजून दारामागेच आहेत. तुझी वहिनी त्यांच्याकडे बघत नाही आणि मी दुसरीकडे बघत नाही.

म्हणून हे पत्र. माझ्या ओळखीचा एक मुलगा उद्या सकाळीच तुमच्या बाजूला ट्रक घेऊन निघतोय, तो ते तुझ्या हातात देईल आणि रविवारी परत येताना त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल. तू मुलाकडे मजेत आहेस असं फोनवर म्हणतोस, पण मागून तुझ्या येरझाऱ्या ऐकू येतात. बसवत तुलाही नाही. तुझा गुडघा आणि माझा खांदा मिळून अजून एक धड माणूस होतो, आणि मास्तरीण तुलाही उठाबशा काढायला लावेल, त्याची मजा मला बघायची आहे. तुझी खाट मी खिडकीखाली लावून घेतली आहे, म्हणजे जावयाने लावली, मी बसून सांगितलं. येताना तुझा खांदेपट्टा घेऊन ये. मी पुढे काही दिवस उचलू शकणार नाही, आणि तेही मी ऐकणार आहे, पण तुझ्या समोर उभा राहून तुझ्या तोंडाकडे बघेन. तुझा श्वास चिरका आला तर मला कळायला हवं. आणि तो आपला शब्द आता वहिनीने माझ्यासाठी म्हणायचा नाही, तूही माझ्यासाठी म्हणायचा नाही. माझा मीच म्हणतो, जन्मात पहिल्यांदा. नियम तुला ठाऊक आहे, का ते विचारायचं नाही आणि दम परत येईपर्यंत जागा सोडायची नाही. धाकट्या, टेकव.

तुझाच,
दादा